टॉम मॉरिस (थोरले)

थॉमस मिचेल मॉरिस ऊर्फ ओल्ड टॉम मॉरिस (जन्म : १६ जून १८२१, सेंट अँड्रूज, स्कॉटलंड, मृत्यू : २४ मे १९०८, सेंट अँड्रूज) हे स्कॉटिश गोल्फपटू, चेंडू व क्लब तयार करणारे कारागीर, मैदानरक्षक आणि गोल्फ मैदानांचे आखणीकार होते. ब्रिटनमधील ओपन ही स्पर्धा त्यांनी चार वेळा जिंकली. त्यांचे खरे चिरस्थायी काम मात्र जमिनीवर उमटलेले आहे. स्कॉटलंड, इंग्लंड व आयर्लंड यांच्या किनाऱ्यांवरील ज्या मैदानांचे सौंदर्य पाहण्यासाठी आज जगभरातून प्रवासी जातात, त्यांपैकी अनेकांची पहिली आखणी मॉरिस यांनी केली. त्यांचे चिरंजीव टॉमी हेही तेवढेच नामांकित खेळाडू होते. नावाच्या सारखेपणामुळे पित्याला थोरले व पुत्राला धाकटे टॉम मॉरिस म्हणण्याचा प्रघात पडला.

== बालपण आणि उमेदवारी ==

सेंट अँड्रूज हे स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील फाइफ परगण्यातले जुने विद्यापीठनगर आहे. धर्मसुधारणेच्या काळात उजाड झालेल्या कॅथेड्रलचे भग्न मनोरे गावाच्या एका टोकाला आहेत, तर दुसऱ्या टोकाला समुद्राला लागून गोल्फची मैदाने आहेत. टॉम यांचे वडील जॉन मॉरिस हातमागावर कापड विणत. पुढे त्यांनी टपाल वाटण्याचेही काम केले. आईचे नाव जीन ब्रूस. घरची स्थिती बेताची होती, परंतु गावात गोल्फसाठी पैसे लागत नसत. समुद्राच्या वाळूवर कालांतराने माती व गवत साचून तयार झालेली, नांगराला निरुपयोगी अशी जी पट्टी असते तिला स्कॉटलंडमध्ये लिंक्स म्हणतात. सेंट अँड्रूजच्या लिंक्सवर गावकऱ्यांना पूर्वापार वहिवाट होती. तेथे मेंढ्या चरत, बायका कपडे वाळत घालत आणि मुले घरी कोरलेल्या काठ्यांनी बुचाचे तुकडे टोलवीत. टॉम यांचे बालपण याच वातावरणात गेले.

सुमारे चौदाव्या वर्षी ते ॲलन रॉबर्टसन यांच्याकडे उमेदवारीला लागले. रॉबर्टसन हे त्या काळचे सर्वश्रेष्ठ खेळाडू मानले जात. त्यांच्या घराण्याचा चेंडू बनवण्याचा पिढीजात धंदा होता. तेव्हाचा चेंडू पिसांचा असे. ओल्या चामड्याची लहानशी पिशवी शिवून तिच्यात उंच टोपी भरेल एवढी उकळलेली पिसे लोखंडी दाभणाने छातीचा जोर लावून ठासत आणि मग तोंड शिवून टाकत. सुकताना चामडे आकसे, पिसे फुगत आणि चेंडू दगडासारखा घट्ट होई. चांगल्या कारागिराचेही दिवसाला तीन-चारच चेंडू होत. त्यामुळे चेंडू महाग होता आणि पर्यायाने खेळही श्रीमंतांच्या हाती राहिला. चार वर्षे उमेदवार आणि नंतर पाच वर्षे पगारी कारागीर म्हणून मॉरिस या दुकानात राबले. कामाखेरीज गुरूच्या जोडीने ते पैजेचे सामने खेळू लागले. १८४९ साली रॉबर्टसन-मॉरिस ही जोडी मसलबराच्या डन बंधूंविरुद्ध तीन वेगवेगळ्या मैदानांवर खेळली. पैज ४०० पौंडांची होती आणि ती सेंट अँड्रूजच्या जोडीने जिंकली. अशा सामन्यांत पैसा लावणारे धनिक वेगळे आणि खेळणारे वेगळे असत. खेळणाऱ्याच्या पदरी बक्षिसी तेवढी पडे. कारागीर-खेळाडूंचे समाजातील स्थान या एका गोष्टीवरून लक्षात येते.

१८४४ मध्ये मॉरिस यांचा ॲग्नेस बेन यांच्याशी विवाह झाला.

== गटापर्चाचा चेंडू आणि गुरूशी फारकत ==

१८४८ च्या सुमारास गटापर्चाचा चेंडू आला. मलायातील एका झाडाच्या चिकापासून मिळणारा हा पदार्थ गरम पाण्यात मऊ होतो, हवा तसा वळवता येतो आणि थंड झाल्यावर कडक होतो. भारतीय वाचकांना कुतूहल वाटेल अशी एक आख्यायिका या चेंडूच्या जन्माशी जोडलेली आहे. पूर्वेकडून सेंट अँड्रूजला पाठवलेली विष्णूची मूर्ती फुटू नये म्हणून पेटीत गटापर्चाचे तुकडे भरले होते आणि त्यांतूनच पॅटर्सन नावाच्या विद्यार्थ्याने पहिला चेंडू वळला, असे सांगतात. कथा सुरस आहे. तिला इतिहासाचा दर्जा मात्र देता येत नाही.

आख्यायिका बाजूला ठेवली तरी परिणाम उघड होता. नवा चेंडू पिसांच्या चेंडूपेक्षा कितीतरी स्वस्त होता, पावसात भिजून बिघडत नसे आणि तुटला तर पुन्हा वितळवता येई. रॉबर्टसन यांना आपल्या धंद्याचा काळ समोर दिसला. आपल्या माणसांनी या चेंडूला हात लावू नये असा त्यांचा आग्रह होता. एके दिवशी मॉरिस यांचे स्वतःचे चेंडू खेळताना संपले आणि त्यांनी सोबत्याकडून गटापर्चाचा चेंडू घेऊन डाव पुरा केला. नेमके ते रॉबर्टसन यांच्या दृष्टीस पडले. शब्दाला शब्द वाढला आणि मॉरिस दुकानातून बाहेर पडले. रॉबर्टसन यांना पुढे स्वतःच गटापर्चाचे चेंडू विकावे लागले. दोघांचे मैदानावरचे संबंध तुटले नाहीत, हे दोघांनाही भूषणावह आहे.

याच काळात मॉरिस दांपत्यावर पहिला आघात झाला. त्यांचा पहिला मुलगा टॉम १८५० मध्ये चार वर्षांचा होऊन वारला. पुढच्या वर्षी, २० एप्रिल १८५१ रोजी, दुसरा मुलगा झाला. त्याचेही नाव थॉमस ठेवण्यात आले. हाच पुढे टॉमी म्हणून विख्यात झाला.

== प्रेस्टविक ==

१८५१ साली जेम्स ओगिल्व्ही फेअर्ली या लष्करी अधिकाऱ्याच्या पुढाकाराने पश्चिम किनाऱ्यावर प्रेस्टविक येथे नवा गोल्फ क्लब निघाला. फेअर्ली यांनी मॉरिस यांना मैदानरक्षक आणि चेंडू व क्लबचे कारागीर म्हणून बोलावले. तान्ह्या टॉमीला घेऊन कुटुंब तेथे गेले आणि सुमारे चौदा वर्षे राहिले. पुढे झालेल्या एका मुलाला मॉरिस यांनी आपल्या आश्रयदात्याचे संपूर्ण नाव दिले, यावरून हा ऋणानुबंध किती जिव्हाळ्याचा होता ते कळते.

प्रेस्टविकची जमीन अरुंद होती. एका बाजूला रेल्वे, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये वाळूच्या उंच टेकड्या. मॉरिस यांनी तेवढ्यात १२ होलचे मैदान बसवले. चेंडूच्या वाटा एकमेकींना छेदून जात, टेकडीपलीकडचे लक्ष्य दिसत नसे आणि पहिलाच होल ५७८ यार्डांचा होता. टेकड्या सपाट करण्याचा विचारही त्यांनी केला नाही. त्याला पैसा नव्हता हे खरे. तरीही चढउतारांनाच खेळाचा कस बनवण्याची जी दृष्टी पुढे त्यांच्या सर्व कामांत दिसते ती येथेच प्रथम प्रकटली. आल्प्स या नावाचा प्रेस्टविकचा होल त्या मूळ आखणीतून आजवर टिकून आहे. हिमालयाच्या नावाचाही एक होल तेथे आहे. वाळूच्या मोठ्या टेकडीवरून पलीकडे न दिसणाऱ्या ग्रीनवर चेंडू टाकायचा, एवढाच हिमालयाशी त्याचा संबंध.

हिरवळ राखण्याचे शास्त्रही त्यांनी येथेच अनुभवातून मिळवले. एकदा वाळूची हातगाडी ग्रीनवर कलंडली आणि काही आठवड्यांनी त्या जागेचे गवत इतरांहून दाट झाले, असे सांगतात. प्रसंग कसाही घडला असो, ग्रीनवर वाळूचा पातळ थर पसरण्याची पद्धत मॉरिस यांनी आयुष्यभर निष्ठेने पाळली. वाळूमुळे पाण्याचा निचरा होतो, खळगे भरतात आणि बारीक पात्याच्या गवताला मुळे धरता येतात. जगातील गोल्फ मैदानांवर आजही हेच केले जाते.

== ओपन स्पर्धा ==

ॲलन रॉबर्टसन १८५९ मध्ये वारले. आता श्रेष्ठ खेळाडू कोण, हा प्रश्न निर्माण झाला. तो सोडवण्यासाठी प्रेस्टविक क्लबने १७ ऑक्टोबर १८६० रोजी एक स्पर्धा भरवली. ओपन या स्पर्धेचा तो आरंभ होय. आठ व्यावसायिक खेळाडू आले. बारा होलच्या तीन फेऱ्या एकाच दिवसात खेळायच्या होत्या. बक्षीस म्हणून लाल मोरोक्को चामड्याचा, चांदीने मढवलेला पट्टा होता. रोख रक्कम नव्हती. पहिला फटका मारण्याचा मान मॉरिस यांना मिळाला, परंतु मसलबराचे विली पार्क १७४ फटक्यांत विजयी झाले आणि मॉरिस १७६ फटक्यांसह दुसरे आले. स्वतः आखलेल्या, रोज पायाखाली घातलेल्या मैदानावर ही हार झाली होती.

ती त्यांनी लवकरच भरून काढली. १८६१ आणि १८६२ अशी लागोपाठ दोन वर्षे ते जिंकले. १८६२ मधील त्यांची आघाडी १३ फटक्यांची होती. प्रमुख गोल्फ स्पर्धांमधील हा विक्रम २००० साली टायगर वूड्स यांनी अमेरिकन ओपन १५ फटक्यांनी जिंकेपर्यंत अबाधित राहिला. १८६४ व १८६७ मध्येही त्यांनी पट्टा मिळवला. १८६७ च्या विजयाच्या वेळी ते ४६ वर्षांचे होते आणि ओपनचे सर्वांत वयस्क विजेते हा त्यांचा मान अजून कोणी हिरावून घेतलेला नाही. त्यांचे लांब फटके संथ व डौलदार असत. जवळचे, ग्रीनवरचे हलके फटके मात्र त्यांना नेहमी दगा देत आणि त्यावरून होणारी थट्टा ते हसून ऐकत.

विली पार्क यांच्याशी त्यांची स्पर्धा दीर्घकाळ चालली. १८७० साली मसलबरा येथे झालेल्या सामन्यात प्रेक्षक इतके अनावर झाले की ते चेंडूला अडथळा आणू लागले. मॉरिस मैदानालगतच्या फोरमन यांच्या मद्यगृहात जाऊन बसले आणि त्यांनी पुढे खेळण्यास नकार दिला. पार्क यांनी उरलेले होल एकट्याने खेळून पैजेवर हक्क सांगितला. मॉरिस यांच्यासारख्या सौम्य माणसाचा हा हट्ट अनेकांना अनपेक्षित होता.

== सेंट अँड्रूजला परत ==

सेंट अँड्रूजच्या रॉयल अँड एन्शंट गोल्फ क्लबने १८६४ मध्ये मॉरिस यांना परत बोलावण्याचे ठरवले आणि ते गावी परतले. वेतन वर्षाला ५० पौंड आणि मैदानाच्या देखभालीसाठी आणखी २० पौंड एवढे होते. अवजारे म्हणून एक हातगाडी, एक कुदळ आणि एक फावडे त्यांच्या हवाली करण्यात आले.

ओल्ड कोर्स हे मैदान कोणी एका माणसाने आखलेले नाही. वारा, मेंढ्या, ससे आणि खेळणारे यांनी ते शतकानुशतके घडवले. परंतु मॉरिस आले तेव्हा ते दुर्दशेत होते. काटेरी झुडपांमधून जेमतेम वाट होती, ग्रीन उखणलेल्या होत्या, होलच्या कडा ढासळत. त्या काळी एका होलमधून चेंडू काढला की त्याच्याच शेजारी वाळूची चिमूट ठेवून पुढचा फटका मारत. साहजिकच ग्रीनची चाळण होई. फटका मारण्यासाठी स्वतंत्र टी तयार करणे, झुडपे मागे हटवून मैदान रुंद करणे, होलच्या तोंडात धातूचे कडे बसवणे, ग्रीनवर कापणीयंत्र फिरवणे या गोष्टी मॉरिस यांनी रूढ केल्या. पहिल्या आणि अठराव्या होलच्या ग्रीन त्यांनी नव्याने केल्या. त्यांपैकी अठरावा होल आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. स्त्रियांसाठी १८६७ मध्ये स्थापन झालेल्या पटिंग क्लबची उंचसखल हिरवळही त्यांनीच करून दिली. तिलाही लोक हिमालय म्हणतात आणि थोडे शुल्क भरून कोणीही पाहुणा तेथे खेळू शकतो.

अठराव्या ग्रीनसमोर त्यांनी स्वतःचे दुकान थाटले. क्लबचे दांडे, चेंडू, ताज्या रोगणाचा वास आणि दारात पाइप ओढत उभे असलेले दाढीधारी टॉम हे दृश्य पुढील चाळीस वर्षे गावाची खूण बनले. ते चर्चचे कारभारी वडीलधारे होते. रोज सकाळी, हिवाळ्यातसुद्धा, समुद्रात स्नान करण्याचा त्यांचा नेम होता. रविवारी मैदान बंद ठेवण्याबाबत ते ठाम होते. खेळाडूंना विश्रांती नको असली तरी मैदानाला ती हवी असते, असे ते सांगत. त्यात धर्मश्रद्धा होती, तसाच गवताचा अभ्यासही होता.

== टॉमी ==

पित्याच्या कीर्तीला ग्रहण लावले ते पुत्राने. १८६८ च्या ओपनमध्ये १७ वर्षांचा टॉमी पहिला आला आणि टॉम दुसरे. पिता-पुत्रांनी पहिले दोन क्रमांक पटकावल्याचे ओपनच्या इतिहासात दुसरे उदाहरण नाही. १८६९ आणि १८७० मध्ये टॉमी पुन्हा जिंकला. सलग तीन विजयांमुळे नियमाप्रमाणे पट्टा कायमचा त्याच्या मालकीचा झाला. बक्षीसच उरले नाही म्हणून १८७१ मध्ये स्पर्धा भरली नाही. १८७२ मध्ये ती पुन्हा सुरू झाली तेव्हाही टॉमीच विजेता ठरला. क्लॅरेट जग या नव्या चषकावर कोरलेले पहिले नाव त्याचे आहे.

स्वभावाने दोघे भिन्न होते. टॉम यांनी धनिकांसमोर टोपी काढून उभे राहण्यात आयुष्य घालवले होते. टॉमीला आपल्या कौशल्याचे मोल ठाऊक होते आणि ते तो मागून घेत असे. मैदानावर मात्र बापलेकांची जोडी एकदिलाने खेळे.

सप्टेंबर १८७५ मध्ये नॉर्थ बेरिक येथे विली व मंगो या पार्क बंधूंविरुद्ध त्यांचा सामना होता. टॉमीचा मार्गरेट ड्रिनन यांच्याशी विवाह होऊन वर्षही झाले नव्हते आणि त्या प्रसूत व्हायच्या होत्या. सामना संपत आला असता प्रसूती अवघड झाल्याची तार आली. मॉरिस पितापुत्रांनी सामना जिंकला, पण घर फर्थ ऑफ फोर्थ या विस्तीर्ण खाडीच्या पलीकडे होते आणि रेल्वेने मोठा वळसा पडत होता. एका गृहस्थाने आपली नौका दिली. टॉमी घरी पोहोचला तेव्हा मार्गरेट आणि नवजात बालक दोघेही गेलेली होती.

त्यानंतर टॉमी खेळला, पण मन रमले नाही. हिवाळ्याच्या तोंडावर बर्फ पडत असताना त्याने आर्थर मोल्सवर्थ या हौशी खेळाडूविरुद्ध अनेक दिवस चाललेला सामना जिंकला. २५ डिसेंबर १८७५ रोजी, नाताळच्या सकाळी, तो अंथरुणात मृतावस्थेत आढळला. वय २४ होते. मृत्यूचे कारण फुफ्फुसातील रक्तस्राव हे ठरले. गाव म्हणे, पोराने दुःखाने प्राण सोडला. टॉम यांना हे पटत नसे. दुःखाने माणूस मरत असता तर आपणही मागे उरलो नसतो, अशा अर्थाचे उत्तर ते देत. पुढच्याच वर्षी पत्नी ॲग्नेस वारल्या. १८७८ मध्ये साठ गोल्फ संस्थांच्या वर्गणीतून कॅथेड्रलच्या दफनभूमीत टॉमीचे स्मारक उभारण्यात आले. भिंतीत बसवलेल्या शिल्पात टोपी घातलेला टॉमी चेंडूवर वाकून उभा आहे.

== मैदानांचे आखणीकार ==

उरलेली तीस वर्षे टॉम यांनी कामात घातली. रेल्वेचे जाळे पसरले होते, समुद्रकिनारी सुट्टी घालवण्याची प्रथा मध्यमवर्गात रुजत होती आणि प्रत्येक गावाला गोल्फचे मैदान हवे होते. त्यासाठी लोक सेंट अँड्रूजला पत्र घालत. मॉरिस यांचा दर ठरलेला होता : दिवसाला एक पौंड आणि प्रवासखर्च. कीर्ती वाढली तरी त्यांनी तो वाढवला नाही. रेल्वेने किंवा बोटीने जावे, जमीन पायी तुडवावी, वाऱ्याची दिशा पाहावी, टी व ग्रीनच्या जागी खुंट्या रोवाव्यात आणि मशागतीच्या सूचना देऊन परतावे, अशी त्यांची रीत होती. माती हलवण्याची यंत्रे नव्हती. म्हणून निसर्गात अगोदरच असलेला खेळ ओळखणे हेच आखणीकाराचे काम ठरे. त्यांच्या घाईची पुढील काळातील काही जाणकारांनी टीका केली. तिच्यात तथ्य आहे; त्यांच्या अनेक मैदानांत नंतरच्यांनी इतके फेरफार केले आहेत की मूळ खुंट्या शोधणे कठीण व्हावे. परंतु जागेची निवड बहुतेक ठिकाणी त्यांचीच राहिली.

इंग्लंडमधील डेव्हन परगण्यात वेस्टवर्ड हो! येथील मैदान त्यांनी १८६० च्या दशकातच आखून दिले होते. नंतर स्कॉटलंडमधील कार्नूस्टी येथे त्यांनी मैदान १८ होलपर्यंत वाढवले. तेथील बॅरी बर्न हा ओढा शेवटच्या होलपर्यंत खेळाडूचा पाठलाग करतो. किंटायर द्वीपकल्पाच्या टोकाजवळील मकरीहॅनिशला ते १८७९ मध्ये गेले. आज तेथील पहिला फटका अटलांटिकच्या पुळणीवरून पलीकडे मारावा लागतो. ओहोटी असेल तर चुकलेला चेंडू वाळूवरून खेळता येतो. अगदी उत्तरेला डॉर्नक येथे त्यांनी १८८० च्या दशकात काम केले. समुद्राला समांतर पायऱ्यांसारखे चढत गेलेले ते मैदान वसंतात काटेरी झुडपांच्या पिवळ्या फुलांनी दुतर्फा पेटल्यासारखे दिसते. एडिनबर्गच्या प्रतिष्ठित गोल्फ संस्थेसाठी १८९१ मध्ये म्यूरफील्ड तयार झाले आणि पुढच्याच वर्षी ओपन तेथे भरली. चार फेऱ्यांची, म्हणजे ७२ होलची, ती पहिली ओपन होय.

आयर्लंडमधील त्यांचे काम प्रवाशांना विशेष भावते. उत्तरेकडे न्यूकॅसल या गावी १८८९ मध्ये रॉयल काउंटी डाउन क्लबने त्यांना बोलावले आणि खर्च चार गिनींहून अधिक होऊ नये असा ठराव केला. डंड्रम उपसागराच्या काठची वाळूची टेकाडे, त्यांवरील जांभळी-पिवळी झुडपे आणि मागे थेट समुद्रातून उठल्यासारखा दिसणारा ८५० मीटर उंचीचा स्लीव्ह डोनार्ड हा पर्वत, असे ते स्थळ आहे. जगातील सुंदर मैदानांच्या यादीत ते नेहमी वरच्या क्रमांकावर असते. चार गिनी सत्कारणी लागल्या, असे म्हणण्यास हरकत नाही. पश्चिमेकडे क्लेअर परगण्यातील लाहिंच येथे ते १८९४ मध्ये गेले. तेथील डेल नावाच्या आखूड होलची ग्रीन दोन टेकड्यांच्या कुशीत पूर्ण दडलेली आहे. कोठे मारायचे ते समोरच्या उतारावरचा पांढरा दगड सांगतो. आधुनिक आखणीशास्त्रात असा होल दोषास्पद ठरतो, तरीही तो बदलण्याचे धैर्य कोणी केलेले नाही.

== शिष्य ==

मॉरिस यांच्या दुकानातून विद्या दूरवर गेली. चार्ल्स ब्लेअर मॅक्डोनाल्ड हे १८७२ मध्ये शिकण्यासाठी अमेरिकेतून सेंट अँड्रूजला आले असता मॉरिस यांच्या दुकानातच त्यांना पहिले क्लब मिळाले. पुढे अमेरिकेत हा खेळ रुजवणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे. डॉर्नकचे डॉनल्ड रॉस यांनी मॉरिस यांच्या हाताखाली उमेदवारी केली, ते १८९९ मध्ये अमेरिकेस गेले आणि तेथे त्यांनी पाइनहर्स्टसह शेकडो मैदाने आखली. हातमाग विणणाऱ्याच्या मुलाची अक्षरओळख बेताची होती. त्याने ग्रंथ लिहिला नाही. जे शिकवले ते बरोबर चालता चालता.

== अखेरचा काळ आणि मृत्यू ==

सत्तरी ओलांडल्यावरही मॉरिस ओपनमध्ये भाग घेत राहिले. १९०३ मध्ये ते मैदानरक्षकाच्या पदावरून निवृत्त झाले. क्लबने त्यांचे पूर्ण वेतन तहहयात चालू ठेवले. सर जॉर्ज रीड या चित्रकाराकडून त्यांचे तैलचित्र काढवून घेऊन ते क्लबच्या इमारतीत लावण्यात आले. ज्या वास्तूत व्यावसायिक खेळाडूंना सभासद म्हणून प्रवेश नव्हता, त्या वास्तूच्या भिंतीवर एका कारागिराचे चित्र लागले, हे नोंदवण्याजोगे आहे. घर मात्र रिते होत गेले. अपंग मुलगा जॉन, कन्या एलिझाबेथ आणि शेवटी १९०६ मध्ये मुलगा जेम्स असे सर्वजण त्यांच्या डोळ्यांदेखत गेले. पाचही अपत्यांचे मृत्यू त्यांनी पाहिले.

२४ मे १९०८ रोजी रविवार होता आणि मैदान नेहमीप्रमाणे बंद होते. मॉरिस जवळच असलेल्या न्यू गोल्फ क्लबमध्ये मित्रमंडळींत बसले होते. उठून जाताना त्यांनी चुकीचे दार उघडले. ते तळघराच्या जिन्याचे होते. पडल्यामुळे कवटीला मार बसला आणि त्यातच त्यांचा अंत झाला. सत्त्याऐंशी वर्षे पुरी होण्यास काही आठवडे उरले होते. अंत्ययात्रेला सारे गाव लोटले. कॅथेड्रलच्या दफनभूमीत टॉमीच्या स्मारकाच्या पायाशी त्यांना मूठमाती देण्यात आली.

== स्मृती ==

१९७६ मध्ये जागतिक गोल्फ हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. पिता-पुत्रांच्या नात्यावर केव्हिन कुक यांनी लिहिलेल्या टॉमीज ऑनर या पुस्तकावर जेसन कॉनरी यांनी त्याच नावाचा चित्रपट केला असून त्यात पीटर मुलन यांनी थोरल्या टॉमची भूमिका केली आहे. अठराव्या ग्रीनसमोरचे त्यांचे दुकान अजून दुकानच आहे.

स्कॉटलंडच्या पश्चिमेस आउटर हेब्रिडीजमधील साउथ उइस्ट बेटावर ॲस्कर्निश येथे त्यांनी १८९१ मध्ये मैदान आखले होते. कालौघात त्याचा बराच भाग चराऊ कुरणांत हरवला. एकविसाव्या शतकाच्या आरंभी काही आखणीतज्ज्ञांनी वाळूच्या टेकाडांमध्ये जुन्या ग्रीनच्या जागा शोधून काढल्या आणि यंत्रांनी जमीन न उकरता मैदान पूर्ववत केले. मॉरिस यांच्या मृत्यूला शंभर वर्षे झाली त्या २००८ साली ते पुन्हा खुले झाले. हिवाळ्यात तेथे गुरे चरतात. सेंट अँड्रूजचा ओल्ड कोर्स आजही मोठ्या स्पर्धा वगळता रविवारी खेळासाठी बंद असतो. त्या दिवशी गावकरी कुत्र्यांना घेऊन तेथे फिरायला येतात आणि प्रवाशांनाही मैदानावरून मोकळेपणाने चालत जाता येते.